दाद मागावी, वशिला मागू नये
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी आपल्यातल्याच एखादीने एखाद्या विषयावर चार शब्द बोलावेत, अशी आपल्या मंडळाची प्रथा आहे. लोणची-पापड, काटकसर, मुलांचे संगोपन, सणवार यांवर आपण पुष्कळ ऐकले आहे. यंदा चिटणीसबाईंनी मला विषय विचारला तेव्हा मी म्हटले, "डॉक्टरकीच्या परीक्षेतील गुण, नंबर आणि त्यांविषयीची दाद." त्या हसल्या. सातवी झालेल्या बाईने डॉक्टरकीच्या परीक्षेवर बोलावे, याचे हसू येणे साहजिकच आहे. परंतु भगिनींनो, परीक्षा देतात मुले आणि घोर लागतो घरातल्या आईला, आजीला, मावशीला. निकालाच्या दिवशी ज्या घरात चूल पेटत नाही, त्या घरातल्या बाईला हा विषय कळलाच पाहिजे, असे मला वाटते.

आणि हा विषय आता आपल्या दारात आला आहे. आपल्या जिल्ह्यातील मुलाला डॉक्टर व्हायचे तर पूर्वी थेट नागपूर गाठावे लागे. तेथील वैद्यकीय महाविद्यालय 1947 साली निघाले. पुढे 2002 साली अकोल्याला शासकीय महाविद्यालय झाले आणि वाट थोडी जवळ आली. आता 2024 पासून खुद्द बुलढाण्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. 100 जागांचे. त्या वर्षीच्या ऑक्टोबर महिन्यात राज्यातील अशा दहा महाविद्यालयांचे उद्घाटन एकदमच झाले. तेव्हा यापुढे चिखलीच्या, मेहकरच्या, देऊळगाव राजाच्या गल्ल्यांतून डॉक्टरकी शिकणारी मुले-मुली निघणार. त्यांचे निकाल लागणार. ते ऐकून आपण काय बोलायचे आणि काय बोलायचे नाही, हे आजच ठरवलेले बरे.

पहिल्याने एक साधा हिशेब सांगते. या शिक्षणाला जाणारे मूल पहिलीपासून पहिल्या नंबराने पास झालेले असते. गावाने त्याचा सत्कार केलेला असतो. अशी शंभर मुले एका वर्गात बसली की काय होते? शंभरही पहिलीच; पण त्यांतून पुन्हा नंबर लावले तर कोणीतरी पन्नासावे येणार आणि कोणीतरी शंभरावे येणार. मूल तेच, बुद्धी तीच, मेहनतही तीच किंवा पूर्वीपेक्षा अधिक; पण आयुष्यात प्रथमच नंबर मागे गेलेला असतो. गावाकडे मात्र कोणाला हे ठाऊक नसते. आपण हळदीकुंकवाला त्याच्या आईला विचारतो, "काय हो, तुमच्या लेकीचा कितवा नंबर आला?" ती बिचारी काय सांगणार!

आता गुण कसे मिळतात ते थोडक्यात पाहू. मी माझ्या भाचीकडून समजून घेतले ते तुम्हाला सांगते. पहिल्या वर्षाला तीन मोठे विषय: शरीराची रचना, शरीराचे चलनवलन आणि शरीरातील रसायने. शाळेत आपण पेपर लिहिला की झाले. येथे तसे नाही. लेखी परीक्षा असते, प्रात्यक्षिक असते, आणि परीक्षक समोर बसवून तोंडी विचारतात. वर्षभराच्या चाचण्यांचा हिशेब निराळा. हजेरीसुद्धा लागते. व्याख्यानांना 75 टक्के आणि प्रात्यक्षिकांना 80 टक्के. ती नसेल तर परीक्षेलाच बसता येत नाही. 2019 पासून नवा अभ्यासक्रम आला, तेव्हापासून विद्यार्थ्याने कोणते काम स्वतःच्या हाताने करून दाखवले, याची नोंदवही ठेवावी लागते. रोग्याशी, त्याच्या नातेवाइकांशी कसे बोलावे, याचेही धडे त्यात आहेत. ही गोष्ट मला फार आवडली.

दहावीला 35 गुणांवर पास होता येते. येथे ती रेषा सर्वसाधारणपणे निम्म्या गुणांची आहे. लेखीत भरपूर मिळवून प्रात्यक्षिकातली उणीव झाकता येत नाही. दोन्हीकडे ठराविक गुण पडावेच लागतात. सप्टेंबर 2023 मध्ये दोन प्रश्नपत्रिकांच्या विषयांसाठी ही रेषा 50 वरून 40 वर आणण्याचे राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ठरवले होते. त्यावर पुष्कळ चर्चा झाली आणि ऑक्टोबरमध्ये तो निर्णय मागे घेतला गेला. मला विचाराल तर ते बरेच झाले. आपल्या सुनेचे बाळंतपण ज्याच्या हाती द्यायचे, त्याला निम्म्याहून अधिक तरी यावे, ही अपेक्षा काही मोठी नव्हे.

नापास झालेल्यांना लवकरच पुन्हा परीक्षा देता येते. तिला पुरवणी परीक्षा म्हणतात. मात्र प्रथम वर्षासाठी चारच वेळा संधी मिळते आणि संपूर्ण अभ्यासक्रम नऊ वर्षांच्या आत पुरा करावा लागतो. म्हणजे एकदा नापास झाले म्हणून जग बुडत नाही. पण हयगय करूनही चालत नाही. हे दोन्ही घरच्यांनी ध्यानात ठेवावे.

आता नंबराविषयी. वर्गातील नंबराचा उपयोग काय, हे मी भाचीला विचारले. ती म्हणाली, "मावशी, एखाद्या विषयात 75 टक्क्यांवर गुण पडले तर विशेष प्रावीण्य म्हणतात. पहिल्या येणाऱ्याला पदक मिळते. पण पुढच्या मोठ्या शिक्षणाला प्रवेश मिळायचा तर त्यासाठी साऱ्या देशाची वेगळी परीक्षा असते. तिथे वर्गातला नंबर कोणी विचारत नाही." मी म्हटले, "मग गावात हा एवढा कशासाठी विचारतात?" ती हसून गप्प बसली. त्या गप्प बसण्यात पुष्कळ काही होते.

याचा विचार परदेशातही चालला आहे. अमेरिकेत डॉक्टर होणाऱ्यांची एक मोठी परीक्षा असते. तिच्या पहिल्या टप्प्यात पूर्वी आकडा देत असत. त्या आकड्यावर पुढची जागा ठरे. मुले रोग्यापेक्षा आकड्याच्या मागे लागली, शिकवणे बाजूला राहिले, अशी ओरड झाली. जानेवारी 2022 पासून त्या टप्प्यावर आकडा देणे बंद झाले. आता केवळ पास किंवा नापास एवढेच सांगतात. परंतु माणसाचा स्वभाव पाहा! पहिल्या टप्प्याचा आकडा गेला, तेव्हा दुसऱ्या टप्प्याच्या आकड्याला अधिक भाव आला. एका डब्याचे झाकण लावले तर मुंग्या दुसऱ्या डब्याला लागतात, तशातलाच हा प्रकार. आकडा काढून टाकला म्हणजे आकड्याची हाव जातेच असे नाही. ती आपल्या मनातून जावी लागते.

भगिनींनो, नंबराची गोष्ट निघाली की मला एका स्त्रीची आठवण सांगावीशी वाटते. आपल्या आनंदीबाई जोशी सर्वांना ठाऊक आहेत. मार्च 1886 मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे त्या डॉक्टर झाल्या, आणि पुढल्याच वर्षी फेब्रुवारीत वयाची बावीस वर्षे पुरी होण्याआधी गेल्या. त्यांचा वर्गात कितवा नंबर होता, हे आजवर मला कोणी विचारलेले नाही. तुम्हालाही नसेल. परंतु त्याच काळात बंगालमध्ये हैमवती सेन नावाची एक बाई होऊन गेली. तिचे नाव आपल्याकडे फारसे कोणी घेत नाही. नवव्या-दहाव्या वर्षी तिचे लग्न पंचेचाळिशीच्या पुरुषाशी लावले आणि थोड्याच दिवसांत ती विधवा झाली. पुढे तिने पुनर्विवाह केला, आणि संसार सांभाळून कलकत्त्याच्या कँपबेल मेडिकल स्कूलमध्ये डॉक्टरकी शिकली. 1894 साली परीक्षेत तिचा पहिला नंबर आला. पहिल्या नंबराला सुवर्णपदक. पण बाईला सुवर्णपदक मिळणार म्हटल्याबरोबर वर्गातील मुलांनी दंगा केला. अखेर सुवर्णपदक एका मुलाला गेले. हैमवतीला रौप्यपदक आणि दरमहा 30 रुपयांची शिष्यवृत्ती देऊन प्रकरण मिटवले. तिने पुढे हुगळीकडे चिनसुऱ्याच्या स्त्रियांच्या दवाखान्यात काम केले आणि हे सारे आत्मचरित्रात लिहून ठेवले.

मनात आणा, त्या वेळी तिने दाद मागायची म्हटले असते तर कोणाकडे मागितली असती? पेपर दाखवा, गुण दाखवा, नियम दाखवा, असे म्हणायला कोणते दार होते? दार नव्हते म्हणून हक्काचे सोने गेले आणि समजुतीची चांदी पदरी आली.

हे फार जुने झाले, असे कोणी म्हणेल. तर 2018 सालची गोष्ट ऐका. जपानची राजधानी टोकियो. तेथील एका वैद्यकीय विद्यापीठात प्रवेशपरीक्षेला बसलेल्या मुलींचे गुण मुद्दाम कमी केले जात होते, असे त्या वर्षी उघडकीस आले. का, तर बायका पुढे लग्न करतात, मुले होतात, काम सोडतात, म्हणून त्या जास्त नकोत! आणि हे एक-दोन वर्षे नव्हे, कित्येक वर्षे चालले होते. ज्या मुली घरी जाऊन "माझाच अभ्यास कमी पडला" म्हणून रडल्या असतील, त्यांतल्या काहींचा अभ्यास मुळीच कमी पडला नव्हता. म्हणून मी म्हणते, निकाल लागला की मुलीने निमूट मान खाली घालायची, ही रीत चांगली नव्हे. आधी पाहावे, विचारावे, मग मान्य करावे.

आता वशिल्याकडे वळते. हा विषय थोडा कडू आहे.

आपल्याच महाराष्ट्रात 1985 साली मुंबई विद्यापीठाची स्त्रीरोग आणि प्रसूतिशास्त्राची एम. डी.ची परीक्षा झाली. डॉक्टरकीच्या वरची ही परीक्षा. तिच्या निकालात फेरफार झाल्याची तक्रार त्याच परीक्षेत नापास झालेल्या एका डॉक्टरने उच्च न्यायालयात नेली. ज्यांना फायदा झाला असे म्हटले गेले, त्यांत तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांची कन्या होती. न्यायालयाने निकालपत्रात कडक ताशेरे ओढले आणि मार्च 1986 मध्ये मुख्यमंत्री शिवाजीराव पाटील निलंगेकर यांनी राजीनामा दिला. त्या ताशेऱ्यांविरुद्ध त्यांनी वरच्या न्यायालयात दाद मागितली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. कोणाचा दोष किती, ते न्यायालये पाहोत. ते ठरवणारी मी कोण? पण आपल्यासारख्या साध्या माणसांनी त्यातून दोन गोष्टी घ्याव्यात. एक अशी, की गुणांच्या एका कागदाने राज्याचा मुख्यमंत्री बदलतो, इतके त्या कागदाचे मोल आहे. दुसरी अशी, की हे उघडकीला आणले ते एका परीक्षार्थीने, अर्ज करून, न्यायालयाची पायरी चढून. त्याने गोंधळ केला नाही, दगड मारला नाही. कायद्याने जे दार उघडे होते, ते ठोठावले.

ते दारही एकदम उघडलेले नाही, हे सांगितले पाहिजे. आपल्या राज्याच्या दहावी-बारावीच्या मंडळाचा असा नियम होता की गुणांची बेरीज पुन्हा पाहून मिळेल, पण पेपर पुन्हा तपासून मिळणार नाही आणि विद्यार्थ्याला तो पाहताही येणार नाही. या नियमाविरुद्ध विद्यार्थी मुंबई उच्च न्यायालयात गेले. तेथे ते जिंकले. परंतु जुलै 1984 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मंडळाच्या बाजूने निकाल दिला. परीक्षा लाखो मुलांची असते, निकालाला कुठेतरी शेवट हवा, आणि तपासणाऱ्यावर विश्वास ठेवावा लागतो, असा त्यामागचा विचार होता. तोही अगदीच चुकीचा म्हणता येत नाही. पुढे 2005 साली माहितीच्या अधिकाराचा कायदा लागू झाला. त्याच्या आधारे ऑगस्ट 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की परीक्षा देणाऱ्याला आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क आहे. पेपर पुन्हा तपासून मागण्याचा हक्क त्या निकालाने दिला नाही. तो ज्या त्या विद्यापीठाच्या नियमांवर राहिला. पण आपण काय लिहिले आणि त्याला काय मिळाले, हे आपल्या डोळ्यांनी पाहता येते. हैमवतीपासून येथवर यायला शंभराहून अधिक वर्षे लागली.

आता माझ्या भाचीची गोष्ट सांगते, कारण तिच्यामुळेच मला हे सारे समजले. सांगण्याची तिने आणि माझ्या बहिणीने परवानगी दिली आहे. महाविद्यालयाचे नाव सांगत नाही, त्याची गरज नाही.

ती आपल्या तालुक्यातल्या एका खेड्यातली. जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत शिकलेली. प्रवेशाच्या परीक्षेत चांगले गुण मिळवून शासकीय महाविद्यालयात गेली. तेथे सारे इंग्रजी. हाडांची, शिरांची, स्नायूंची लॅटिन नावे. ती सांगे, "मावशी, मला उत्तर येते, पण तोंडी परीक्षेत ते इंग्रजीत मांडेपर्यंत परीक्षक पुढच्या प्रश्नावर गेलेले असतात." प्रथम वर्षाचा निकाल मोबाईलवर आला. दोन विषय सुटले, शरीररचनेत लेखीला सहा गुण कमी पडले. सहा! दोन दिवस पोरगी जेवली नाही. माझ्या बहिणीने मला बोलावून घेतले.

मी पोचले तेव्हा घरात आणखी एक गोष्ट शिजत होती. बहिणीच्या यजमानांना कोणाचा तरी फोन आला होता. "वर आपली ओळख आहे, सहा गुणांचेच काम आहे, एवढे एवढे रुपये द्या, करून आणतो." सोयाबीन नुकतेच विकले होते, पैसे घरात होते. ते गृहस्थ सरळ आहेत, पण लेकीचे डोळे पाहून बापाचे मन पाघळते. ते म्हणाले, "एवढ्या वर्षांची मेहनत सहा गुणांसाठी पाण्यात घालायची का?"

माझी बहीण चौथी शिकलेली आहे. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "आज सहा गुण विकत घेतले, तर उद्या कोणाची लेक हिच्या हाताखाली बाळंत होईल तेव्हा हिच्याच हाताला कंप सुटेल. आणि तो फोनवाला? तो जन्मभर दारात उभा राहील." एवढे बोलून तिने भाकरी तव्यावर टाकली. त्यावर कोणी काही बोलले नाही. पैसे तसेच कपाटात राहिले. पुढे त्यातूनच हिची पुस्तके आली.

मग आम्ही अर्जाचे पाहिले. निकालाबरोबर विद्यापीठाची सूचना असते. बेरीज पुन्हा पाहून हवी असेल तर काय करावे, उत्तरपत्रिकेची छायाप्रत हवी असेल तर काय करावे, शुल्क किती, शेवटची तारीख कोणती, हे सारे त्यात लिहिलेले असते. मुदत मोठी नसते. आमचे दोन दिवस रडण्यात गेले होते. मी भाचीला म्हटले, "रडायला सारा जन्म आहे, अर्जाला दिवस मोजके आहेत." तिने अर्ज भरला.

छायाप्रत आली. तिने ती ओट्यावर बसून पानन्‌पान पाहिली. बेरीज पुन्हा केली, मलाही करायला लावली. सातवीच्या गणिताला तेवढे जमते. बेरीज बरोबर होती. एकही उत्तर न तपासलेले राहिले नव्हते. शेवटी एका पानावर ती थांबली आणि म्हणाली, "मावशी, हे बघ. ही आकृती मी अर्धीच काढली. नावे दिलीच नाहीत. वेळ संपत आली होती. मला वाटत होते मी पुरी केली." बराच वेळ ती त्या पानाकडे पाहत राहिली. मग तिने भांडे पुढे ओढले आणि जेवायला बसली.

भगिनींनो, अर्जाने एकही गुण वाढला नाही. पण त्या दिवसापासून तिचे मन ठिकाणावर आले. आपल्यावर अन्याय झाला, आपण मराठी शाळेतल्या म्हणून आपल्याला पाडले, ओळख नाही म्हणून पाडले, असली जी भुते मनात नाचत होती, ती गेली. काय चुकले ते कळले, म्हणजे काय करायचे तेही कळले. पुरवणी परीक्षेपर्यंत ती रोज घड्याळ लावून आकृत्या काढी. आणि उत्तरे मोठ्याने इंग्रजीत म्हणे, माझ्यासमोर! मला काय कळणार? पण ती म्हणे, "मावशी, तू फक्त ऐक. मी अडखळले की बोट वर कर." मी बोट वर करीत असे. पुरवणी परीक्षेत ती पास झाली आणि आपल्याच वर्गाबरोबर पुढे गेली.

येथे मला जे सांगायचे ते सांगते. दाद मागण्याचे फळ गुण नव्हे, खात्री आहे. गुण चुकलेले असतील तर ते दुरुस्त होतील, आणि ते व्हायलाच हवेत. चुकलेले नसतील तर मनातील संशय जाईल. दोन्हीकडून फायदाच. वशिल्याने याच्या नेमके उलट होते. गुण कदाचित मिळतील, पण खात्री कायमची जाते. आपण खरोखर पास झालो का, हे त्या डॉक्टरला कधीच कळत नाही. आणि वशिल्याने एक वर चढला की त्याच्या खालचा एक ढकलला जातो. तो कोणाचा तरी लेक असतो, कोणाची तरी भाची असते. अर्ज करताना आपण कोणाचे काही घेत नाही. आपलेच मोजून मागतो. बाजारात काटा नीट धरायला सांगण्यात लाज कसली? आणि दुकानदाराने काटा नीट धरून दाखवला, तर पुन्हा भांडायचेही कारण नाही.

अर्जाला मर्यादा आहेत, त्याही सांगते. तोंडी परीक्षेतील बोलणे कागदावर उरत नाही, म्हणून त्याची छायाप्रत मिळत नाही. तेथे काही वावगे घडले असे वाटले, तर त्याच दिवशी, लगेच, विभागप्रमुखांना किंवा अधिष्ठात्यांना लेखी कळवावे. महिना उलटल्यावर कळवून उपयोग नाही. वर्षभराच्या चाचण्यांचे गुण वर्षभर पाहत राहावे. त्यात चूक असेल तर ती अंतिम परीक्षेच्या आधी दाखवावी. पेपर पुन्हा तपासून मिळतो की नाही, हे प्रत्येक विद्यापीठाचे निराळे. आपल्या राज्यातील आरोग्यशिक्षणासाठी 1998 साली नाशिकला स्वतंत्र आरोग्यविज्ञान विद्यापीठ झाले. पूर्वी हा कारभार मुंबई, पुणे, नागपूर अशा विद्यापीठांकडे होता. तेव्हा ज्या विद्यापीठाची परीक्षा, त्याचीच सूचना वाचावी. शेजारणीच्या मुलाने काय केले त्यावर जाऊ नये. आणि उठसूट प्रत्येक पेपराला अर्ज करू नये. नाचता येईना अंगण वाकडे, असे व्हायला नको.

आता आपण बायकांनी काय करावे? मी चार गोष्टी सुचवते.

पहिली. हळदीकुंकवाला, बारशाला, लग्नात कोणाच्या मुलाचा नंबर विचारू नये. विचारायचेच तर, "तुझा आवडता विषय कोणता?" असे मुलालाच विचारावे. ते किती खुलून बोलते ते पाहा.

दुसरी. कोणाचे मूल नापास झाल्याचे कळले, तर त्या घरी समाचाराला जाऊ नये. मयत झालेली नाही. जायचेच असेल तर डब्यात काही करून न्यावे, आणि परीक्षा सोडून दुसरे बोलावे.

तिसरी. ज्यांच्या घरी कागदपत्र वाचणारे कोणी नाही, त्यांच्यासाठी मंडळाने निकालाच्या दिवसांत एखादी दुपार राखावी. आपल्यात आता शिकलेल्या सुना आहेत. सूचना वाचून दाखवणे, तारीख सांगणे, अर्ज भरून देणे एवढे काम त्यांनी केले तरी पुष्कळ. मुदत चुकल्यामुळे किती अर्ज राहून जात असतील! आणि हे केवळ डॉक्टरकीसाठी नव्हे. दहावी, बारावी, परिचारिका, शिक्षिका, सर्वांसाठी.

चौथी, आणि सर्वांत महत्त्वाची. मूल दोन दिवस जेवत नसेल, एकटेच बसत असेल, "माझे काही उरले नाही" असे बोलत असेल, तर ते नाटक समजू नये. त्याला एकटे ठेवू नये. त्याच्याजवळ बसावे आणि डॉक्टरलाही दाखवावे. परीक्षा पुन्हा येते. लेकरू पुन्हा येत नाही. बाकीचे सारे भाषण विसरलात तरी चालेल, एवढे मात्र विसरू नका.

आपला जिल्हा हा सिंदखेडराजाचा, मातोश्री जिजाऊंचा. त्या माउलीने मुलाला घडवताना काय शिकवले, ते सांगायला मी नको. न्याय मागायला लाजू नये आणि अन्यायाने काही घेऊ नये, एवढे जरी आपण आपल्या लेकरांना घरात शिकवले, तरी उद्या बुलढाण्याच्या त्या नव्या महाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्या डॉक्टरांच्या हाती आपण निर्धास्तपणे मनगट देऊ. त्यांचा वर्गात कितवा नंबर होता, हे विचारण्याची आपल्याला गरज पडणार नाही.